ए आणि बी विंगच्या मधली रेघ

१८ जानेवारी, रविवार
गच्चीवर सोसायटीची मीटिंग. आर्किटेक्टने नकाशा पसरला. खाडीकडच्या तिवरांपासून ठरावीक अंतर सोडूनच नवीन उंच बिल्डिंग बांधता येते. ते अंतर मोजलं तर रेघ येते नेमकी आपल्या दोन विंगांमधल्या गल्लीत, स्कूटर लावतो तिथे. ए विंग रेघेबाहेर. बी विंग, म्हणजे आम्ही, आत. बिल्डर म्हणाला, ए पाडून नवीन करतो, बी जमणार नाही.
प्रकाश सेक्रेटरी. रीडेव्हलपमेंटसाठी इतकी वर्षं चपला झिजवल्या माझ्या या नवऱ्याने. ठराव त्यालाच वाचावा लागला. ए विंगचे हात वर. हेमलताचाही. माझ्याकडे बघितलं नाही तिने.
प्र. न जेवता झोपला.

१९ जानेवारी
बाजारात मासळी विकून हेमलता सरळ आमच्याकडे. टोपली जिन्यातच ठेवलेली. दोघी एकाच वर्षी या सोसायटीत आलो, ती ए मध्ये, मी बी मध्ये. पोरं कुठल्या घरी जेवली ते विचारावंच लागायचं नाही. म्हणत होती, मी हात वर केला नसता तरी ठराव झालाच असता. म्हटलं, तुझ्या जागी मी असते तर मीही केला असता. खरंच केला असता.
तरी ती गेल्यावर काही सुचेना.

२७ जानेवारी
सकाळी सासूबाई खाटेवर बसून बुद्धवंदना म्हणत होत्या. वरून छताचं प्लास्टर आलं. अख्खा पोपडा, आतल्या गंजक्या सळईसकट. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. मी लॅबमध्ये, रक्ताचे नमुने लावत होते. प्र.चा फोन. "आईवर घर पडलं," एवढंच बोलला.
हॉस्पिटलमध्ये त्याच्या केसांत अजून सिमेंट. पुसायला गेले तर हात बाजूला केला माझा.

२ फेब्रुवारी
सासूबाई घरी. खाट हॉलमध्ये हलवली. तिथेही लोखंडी टेकू लावलाय, पण छत धड दिसतंय. दिसतंय म्हणजे काय, ते छतही...
आर्किटेक्टला परत विचारलं. म्हणाला, आहे तेवढंच बांधायची परवानगी कदाचित मिळेल, वर मजले नाहीत. मजले नाहीत तर विकायला फ्लॅट नाहीत, मग बिल्डर कशाला येईल? आणि स्वतःच्या खिशातून बांधणारं बी विंगमध्ये कोण आहे?
सासूबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "एवढी जागा झाडाले, अन् माणसाले नाही?"
मोठ्या पुरात भरतीचं पाणी याच तिवरांनी अडवलं, हे त्यांनीच मला कितीदा सांगितलंय. आज आठवण करून दिली नाही.

१० फेब्रुवारी
प्र. रोज सकाळी तळमजल्यावरच्या डोंबरेंबरोबर फिरायला जातो म्हणे. पँट गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाची. खाडीचा चिखल, वास ओळखते मी. विचारलं नाही. धुऊन टाकली.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज विचारलं. लपवलं नाही त्याने. तिवरांत भरतीचं पाणी शिरतं तो नाला आहे ना, त्याच्या तोंडाशी डेब्रिजच्या गोणी टाकतायत दोघं. पाणी तुटलं की झाडं वाळतील. झाडंच नाहीत तर रेघ कसली, असं डोंबरे म्हणतात.
"तुला पटतं ते?" मी.
"मला माहीत नाही. पण आईच्या डोक्यावर दुसरा स्लॅब पडायची वाट बघत बसू काय मी?"
हा माणूस गल्लीतल्या कुत्र्यांना उन्हाळ्यात पाणी ठेवतो. थांब म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. वर बघितलं, टेकूच्या बाजूला नवीन चीर आहे.

२६ फेब्रुवारी
तिवरं पिवळी पडायला लागलीत. आमच्या खिडकीतून सरळ दिसतं. वासही सुटलाय.
हेमलताचा भाऊ ओहोटीला तिथे चिंबोऱ्या पकडायला जातो. चार दिवस रिकामा परत येतोय. सांगताना तिने एकदा प्र.कडे बघितलं आणि विषय बदलला. तिला माहीत आहे.
दुपारी लॅबमधून आर्किटेक्टला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, झाडं मेली तर? म्हणाला, मेली तरी जागा तिवरांचीच राहते, जुन्या नकाशात आहेत ती. वर गुन्हा. रेघ हलत नाही मॅडम.
संध्याकाळी प्र.ला सांगितलं. टेकूला हात लावून उभा होता. मग म्हणाला, डोंबऱ्यांना सांगतो.
सांगितलं की नाही, कळलं नाही. गोणी अजून तिथेच.

४ मार्च
वनखात्याची माणसं आली. गोणींचे फोटो, पंचनामा. नाला मोकळा केला. झाडं जगतील का, ते त्यांनाही सांगता येईना. बी विंगमध्ये घरोघर विचारलं. डोंबरे गावाला गेलेत, दाराला कुलूप. प्र. म्हणाला, आम्ही काही पाहिलं नाही. मी मागे उभी होते. मान हलवली मीही.
ए विंगमध्ये सामान बांधणं चालू आहे.

६ मार्च, शुक्रवार
हेमलता आली. बसली नाही. सोमवारी तिला जबाबाला बोलावलंय. एका सकाळी ती भावाला डबा द्यायला खाडीवर गेलेली, तेव्हा तिने नाल्यावर दोन माणसं पाहिली, असं भाऊ वनखात्याच्या लोकांना बोलून बसला.
आतल्या खोलीत प्र. सासूबाईंचा हात झोळीत अडकवत होता. दार उघडंच. त्याला सगळं ऐकू जात होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं.
"शैले, मी काय बोलू गो? तू सांग. तू सांगशील तसा बोलेन."
माझ्याच गळ्यात घातलं तिने. राग आला. मग वाटलं, तिच्याकडे तरी दुसरं काय होतं?
"हेमा, जे पाहिलंस ते सांग."
आत सासूबाई विचारत होत्या, थांबलास का रे, बांध ना. हेमलताने पदर खोचला आणि जिना उतरली.
प्र. बाहेर आला. "ती सांगेल?" म्हणाला.
माहीत नाही म्हटलं.