हॉस्ट्याचा पांढरा काठ

अंबरनाथ,
१८ एप्रिल १९९१

प्रिय पद्मजाताई,

सप्रेम जयभीम. दाजींचा खोकला थांबला का? कालिम्पाँगच्या धुक्याला आमच्यातर्फे समज द्यावी. इकडे आई, मीनल, मुले ठीक. मीही ठीक आहे, म्हणजे जेवतो.

तुझे पत्र मिळाले. गारांनी झोडपून तुझे हॉस्ट्याचे झाड गेले आणि बुद्धपौर्णिमेला येशील तेव्हा माझ्याकडच्या हॉस्ट्याचा एक कोंब परत नेशील, हे वाचले. (दोनदा वाचले. दुसऱ्यांदाही तेच होते.)

तू दिलेले रोप मी क्वार्टरमागे मोरीच्या भिंतीच्या सावलीत लावले होते. वीतभर उंच, हिरव्या पानांना पांढरा काठ. शेजारच्या कौसाबाई रोज येऊन बघत आणि विचारत, "भाऊ, याच्या वड्या होतात का वो?" पण थंडी सरली आणि नवी पाने नुसतीच हिरवी येऊ लागली. जुन्यांचाही काठ फिका पडला. त्यातच कारखान्याच्या मोठ्या साहेबांची कॉलनीत व्हिजिट ठरली, सोबत बागांची स्पर्धा. कॉलनीची पद्धत तुला ठाऊक आहे. साहेब येणार म्हटले की रस्त्याकडेचे दगड, झाडांचे बुंधे, कुंड्यांच्या कडा, जे हलत नाही त्याला चुना. मी दगडांना मारला, कुंड्यांना मारला. ब्रशला थोडा उरला. हॉस्टाही हलत नव्हता.

(काठ सुरेख आला, ताई. मूळच्यापेक्षा सरळ.)

साहेब वाकून म्हणाले, "ये कौनसी व्हरायटी है?" मी तुझे नाव सांगितले. पहिला नंबर आला. बक्षीस स्टीलचा डबा. मग पाने करपली, मागोमाग देठ. मीनलने डब्यात साखर भरली आहे. मी चहा बिनसाखरेचा पितो. ती म्हणते, डॉक्टरला दाखवा.

तुला तोंड कसे दाखवावे कळत नाही. पौर्णिमेला मला ड्युटी लागण्याची शक्यता आहे. (त्या दिवशी कारखान्याला सुट्टी असते, हे तू विसर.)

तुझा धाकटा,
जयदेव

ता. क. जागा उकरली तर खाली एक कोंब जिवंत निघाला. माती धुऊन कुंडीत लावला आहे. पान एकच, नुसते हिरवे. काठ नाही. तरी नेशील का? न नेलास तरी ये.

ता. क. २. मीनलने पत्र वाचले. चुन्याचा ब्रश तिने आईच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावले. आई किल्ली देत नाही.