दादाची मूळ संख्या

पेडणे, रविवार, दिवेलागण

एक अवाढव्य संख्या मूळ आहे का, ते तपासायला दादाने कॉम्प्युटर लावून ठेवला होता. दादा झोपेतच गेला, तरी वहिनीने कॉम्प्युटर बंद करू दिला नाही. आज उत्तर आलं. मूळ नाही. खोटं सांगावं का? जमलं नाही.

“मगे कशान भाग जाता तिका?” वहिनीने विचारलं.

“ता ह्या तपासणीत कळणा नाय. भाग जाता, इतक्याच खरा.”

ती पडद्याकडे बघत राहिली. “ह्यांचाही तसाच. गेले म्हणून डॉक्टरांनी सांगल्यानी. कशान, ता नाय.”

पुढची संख्या लावू का, म्हटलं. नको म्हणाली. स्वतःच बटण बंद केलं आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच रडली. जवळ घेतलं तेव्हा कळलं, केवढी वाळलीय.