टाचा वर

प्रिय शकूताई,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. भिवापुरी तिखटाचा पत्र्याचा डबा आमच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे. तो दोन हातांशिवाय खाली येत नाही आणि माझ्या डाव्या हाताने असहकार पुकारला आहे. चार दिवस घरात आजाऱ्याचा वरण-भात शिजतोय. नवरा सहा फुटी आहे, मान्य. पण त्याला डबा काढायला सांगितलं की तो "म्हटलं होतं, तिथे ठेवू नको" हे वाक्यही सोबत खाली काढतो. त्यापेक्षा अळणी बरं!

म्हणजे डावा खांदा गोठला. तीन वर्षांपूर्वी तुम्ही व्यायाम देऊन देऊन उजवा सोडवलात, तेव्हाच बजावलं होतं, "दुसराही रुसते कधीकधी. घाबरू नको, माह्याकडे ये." आता कुठे येऊ? तुम्ही गेल्याला महिना झाला. काल तुमची लेक रेणू सदर भागातला तुमचा दवाखाना आवरता आवरता माझी फाईल देऊन गेली. ती वाचली, म्हणून हे पत्र.

पहिला दिवस आठवतो? तुमचे दोन जिने चढून मी धापा टाकत म्हटलं, "हात वर जात नाही." तुम्ही वरपासून खालपर्यंत पाहिलंत. "जीभ चालू हाये ना वं? मग काही बिघडलं नाही." मी वर्तमानपत्रात लोकांची टोपी उडवून पोट भरते, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

मग ड्रॉवरमधून चमचा काढलात, त्यावर लिंबू ठेवलंत. "हा खांदा. मांडीचं हाड खोल वाटीत बसते, हालत नाही. खांद्याले देवानं नुसता चमचा देला. म्हणून तो चारी अंगानं फिरते, आन् म्हणूनच निखळते."

मी विचारलं, "मग लिंबू पडत कसं नाही?"

"चार लहान स्नायू धरून ठेवतात. वरचा मोठा दिसते, गोलमटोल. पण हात उचलाची सुरुवात त्या चौघातला एक लहानगा करते. नाव मोठ्याचं होते."

सरकारी कचेरीचं इतकं अचूक वर्णन मी वीस वर्षांत लिहिलं नव्हतं! पुढच्याच आठवड्यात ते माझ्या सदरात छापून आलं, तुमच्या नावाशिवाय. तुम्ही कात्रण वाचून एवढंच म्हणालात, "लिंबू तरी वापस आण."

बाकावर माझ्या शेजारी दोघं ठरलेली असत. छत रंगवून रंगवून खांद्याचा स्नायू फाटलेला एक पेंटर, आणि दोनदा खांदा निखळलेली कबड्डीवाली मुलगी. त्यांची दुखणी कमाईची होती. माझा खांदा नुसता बसल्या जागी आखडलेला. "लिंबाभोवतीची पिशवी आवळली तुही," तुम्ही म्हणालात. "जबरदस्ती केली तर फाटन, सोडून देलं तर आणखी आवळन. रोज थोडं थोडं."

घरचा अभ्यास म्हणजे बोटांनी भिंत चढायची. मुंगीसारखं एकेक बोट वर, पोचेल तिथे पेन्सिलीची रेघ, आणि दर रविवारी तुम्हाला रेघेचा फोटो. महिन्यात रेघ चढली नाही तर मोठ्या डॉक्टरकडे जाऊन भूल देऊन खांदा मोकळा करायचा, असं ठरलं.

भूल! माझी आई एका साध्या ऑपरेशनसाठी भूल घेऊन झोपली, ती उठली नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. गमतीजमती सांगत राहिले.

आणि तिसऱ्या रविवारी मी चवड्यांवर उभी राहिले. रेघ चार बोटं वर गेली. फोटोत टाचा थोड्याच येतात? पुढचे तीन रविवार हाच उद्योग. दुसऱ्यांच्या लबाड्या चव्हाट्यावर मांडणारी बाई स्वयंपाकघराच्या भिंतीला फसवत होती.

दर सोमवारी तुम्ही मला स्टुलावर बसवून हात मोजायला लागलात. मी विचारलं, "काहून बसवता?" म्हणालात, "उभी राहून थकशील." मला वाटलं, वयाचा मान ठेवताय!

काल फाईल उघडली. तिसऱ्या रविवारपुढे तुमच्या बारीक अक्षरात, "टाचा वर. चार बोटं कमी धरणे." चौथ्यापुढे तेच. पाचव्यापुढे, "टाचा वर. बाई कशाले तरी घाबरून राहिली. भुलीचं काढायचं नाही. घाई नको."

शकूताई, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असता तर जोर वाढवून पिशवी फाटली असती. रागावल्या असतात तर मी तो जिना पुन्हा चढलेच नसते. तुम्ही दोन्ही केलं नाही. नुसतं स्टूल पुढे सरकवलंत. सात महिन्यांनी मी माझ्या हाताने माझी वेणी घातली, तेव्हा तुम्ही "दिसते तर बरी" म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली.

एक राग मात्र आहे. शेवटी शेवटी तुम्ही चहाचा कप डाव्या हाताने उचलायचात. मी विचारलं तर म्हणालात, "उजवा सुट्टीवर हाये." मी हसले. जन्मभर आमचे जड हात उचलून तुमचाच खांदा गेला होता, हे बोलायचं नाही? तुम्हीही टाचा वरच करून उभ्या होतात की! आणि मी तुमच्यासाठी स्टूल आणलं नाही.

रेणू सांगते, दुसरीकडे जा, चांगले लोक आहेत. जाईन. आईचं आणि भुलीचं पहिल्याच दिवशी सांगेन. आणि तिथे कुणी कप डाव्या हाताने उचलला, तर विनोद करणार नाही, विचारीन. हा शब्द तुम्हाला.

आज सकाळी भिंतीवरच्या चार खोट्या रेघा खोडरबराने पुसल्या. मग नवऱ्याला माझ्या टाचांजवळ बसवलं. "उचलल्या तर सांग." तो खरोखर मांडी घालून बसला. डाव्या हाताची बोटं खांद्याच्या जरा वर पोचली आणि थांबली. तिथेच रेघ मारली.

मग तुमच्या फाईलमध्ये, शेवटच्या ओळीखाली, आजची नोंद केली.

टाचा खाली.

तुमची,
नंदा