आत्याचा तंबू

४ एप्रिल

प्रिय गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

तळ्याकाठच्या कॅम्पिंगच्या मैदानावर एकदाची जागा मिळाली! सार्वजनिक मैदान, त्यातून स्वस्त, म्हणून नुसती झुंबड. फोन लावून लावून बोट दुखलं, पण जागा अगदी पाण्याकडेची आहे. एका जागेवर माणसं सहाच, असा तिथला नियम. तुम्ही तिघं, आम्ही तिघं, सहाही नावं कळवून मोकळी झाले.

आता राहिला तंबू. दुकानातल्या किमती बघून डोळे पांढरे झाले. लहानपणी आत्या आपल्याला ज्यात घेऊन जायची, तो मोठा हिरवा तंबू तिच्याकडे अजून असेल. तो मागवते. तुझ्या बायकोला सांग, केस वाळवायचं यंत्र घरीच ठेव, झाडाला प्लग नसतो.

भाच्याला पापे, आणि तुझा लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ताई

१२ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र लाँड्रीच्या काउंटरवरच फोडलं आणि एकटीच हसत सुटले. मालकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. लगेच रजा मागितली. कुरकुरले, पण दिली.

तंबू गच्चीवर उन्हात टाकलाय. एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता, त्याला ठिगळ लावलं. मी दाराशी झोपेन हं, म्हणजे रात्री उठावं लागलं तर कुणाच्या अंगावर पाय पडायला नको. कित्येक वर्षांत कुणी कुठे चल म्हटलं नव्हतं. पोरं संसारात बुडाली, अशी मनाची समजूत घालायचे. तुम्हाला माझी आठवण झाली, यात सगळं आलं.

जावईबापूंना आशीर्वाद. भेटीची वाट बघणारी,
तुझी आत्या

१५ एप्रिल

प्रिय गुंड्या,

सोबत आत्याचं पत्र आहे, ते आधी वाच. मी तिच्याकडे नुसता तंबू मागितला होता रे! आम्ही जातोय असं लिहिलं, तिने आपण जातोय असं धरलं. दुसरं काय धरणार बिचारी?

दुसरी जागा शिल्लक नाही, विचारून बघितलं. पण खरी गोष्ट ती नव्हेच. सहा नावं सांगताना कुणी राहिलं, हे माझ्या मनातही आलं नाही. तंबू आठवला, आत्या आठवली नाही. जेवायला बसले की तिने लावलेलं ते ठिगळ डोळ्यांपुढे येतं. तिला काय लिहू, तूच सांग.

ताई

१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू काही लिहू नकोस, मीच आत्याला लिहिलं. मैदान खडकाळ आहे, डास फोडून काढतात, संडास लांब आहेत, तुझी पाठ धरेल, तेव्हा या खेपेला तू विश्रांती घे, असं सगळं. शुद्ध थापा, पण तिचं मन राखणाऱ्या.

पत्र पेटीत टाकलं आणि कसंनुसं झालं. बायको तर माझ्याशी धड बोलत नाही. दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा दाखवताना त्याच्या नजरेला नजर देववत नाही, म्हणजे बघ.

तुझा गुंड्या

२७ एप्रिल

चि. ठकी आणि गुंड्या यांस,
आशीर्वाद.

गुंड्याचं पत्र पोचलं. खडक असतील तर जाड गादी न्यावी, म्हणून मैदानाच्या रखवालदाराला फोन केला. भला माणूस. म्हणाला, खडक कुठले, सगळी हिरवळ आहे. मी हौसेने विचारलं, आमची नावं नीट नोंदलीत ना? त्याने सहाच्या सहा वाचून दाखवली. मी म्हटलं, हो हो, बरोबर. परक्या माणसापुढे मला इतकं ओशाळं झालं, की फोन ठेवल्यावर तशीच उभी राहिले.

तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही तंबू मागितलात, मीच त्याच्याबरोबर निघाले. रजा नको म्हणून मालकांना सांगितलंय. तंबू सोमवारी पाठवते. खुंट्या वेगळ्या पिशवीत आहेत.

आत्या

१ मे

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सबबी सांगत नाही. तुझी आठवण झाली नाही, हे खरं आहे. तंबूची झाली, हे त्याहून वाईट. वर गुंड्याने थापा मारल्या आणि मी त्या मारू दिल्या.

जागा रद्द केली आहे. तंबू पाठवू नकोस. गर्दी ओसरल्यावर शेजारशेजारच्या दोन जागा मिळतात म्हणे. त्या मागितल्या आहेत आणि पहिलं नाव तुझं सांगितलं आहे. यायचं की नाही, ते तू ठरव. खरं तर आम्ही दोघांनी समोर येऊन तुझे पाय धरायला हवेत. पण तुला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून पत्रावर भागवते आहे.

रागावलीस तरी आम्हाला टाकू नकोस.
तुझी ठकी

८ मे

चि. ठकीस,
आशीर्वाद.

राग आलाय आणि तो इतक्यात जायचा नाही. तळ्याचं नंतर बघू.

लाज वाटते म्हणून पत्रावर भागवतेस, हे मात्र मला चालायचं नाही. लाँड्री रविवारी बंद असते. गुंड्याला घेऊन ये. काही मागायला नको, नुसते या.

तुमची आत्या