दवाखान्याच्या ओट्यावरचा कापूस

शके १७८६, कार्तिक वद्य ३
नांदगावचा दवाखाना उघडून महिना झाला. औषधं आणि माझा पगार सरकारचा. जागा आणि नोकर गावाने द्यायचा. गावाची वर्गणी या हंगामात जमली नाही तर दवाखाना उचलून अमरावतीला. कापसाला सोन्याचा भाव, पण दसऱ्याला वर्गणीचा शब्द दिलेले कापसाचे अडते आता रस्त्यात दिसले की मान फिरवतात. पुण्याहून निघताना ही रडली होती. आता शेजारणींकडून उठत नाही. माझंही मन लागलंय.

वद्य ७
वेशीजवळच्या गंगाबाई तापलेला नातू घेऊन आल्या. पुडी दिली. बाईंनी ओच्यातून मूठभर कापूस काढून पुढे ठेवला. म्हटलं, काही घ्यायचं नाही असा हुकूम आहे.
"फुकटाचं औशद गुन देत नाई, भाऊ. ठेव."
परत केला, तर जाताना ओट्यावर टाकून गेल्या. हट्टी बाई!

वद्य १०
नातवाचा ताप उतरला. झालं! कापूस ठेवला म्हणून गुण आला, असं गावभर. आज ओट्यावर चार मुठी. दोन गाईने खाल्ल्या.

वद्य १४
उरलेला आत कोपऱ्यात रचला. रोज भर पडतेय. फेकवत नाही. घ्यायचाही नाही. बरीच पंचाईत.

मार्गशीर्ष शु. २
दवाखान्यांवर देखरेख करणारे अमरावतीचे साहेब फिरतीवर आले. ढीग पाहून थबकले. "ये कपास किसका है?" मी लाच खातो, असंच त्यांना वाटलं. गंगाबाई ओट्यावर होत्या, त्याच उठल्या.
"यानं नाई मांगितला, सायेब. आमीच ठेवतो. आमी का भिकारी हाओत?"
त्यांच्या कचेरीतल्या शिरस्तेदारांनी समजावून सांगितलं. साहेब हसले. हुश्श! म्हणाले, विकून गावाच्या वाट्यात धरू. पण देणाऱ्यांची नावं पाहिजेत, अमावास्येच्या आत. नाहीतर अमरावती.

शु. ९
घरोघर हिंडलो. कोणी नाव देईना. गंगाबाई तर चिडल्याच. "नाव लिवलं त ते दान झालं. मंग गुन जाते औशदाचा. काहून लिवून राहिला तू?"
संध्याकाळी एक अडते आपण होऊन आले. साऱ्या ढिगाला त्यांचं एकट्याचं नाव लावा म्हणे, म्हणजे त्यांची वर्गणी फिटली. लोचट!

वद्य १२
यादी धाडली. अडत्याचं नाव लिहिलं असतं तर काम फत्ते होतं. दोनदा टाक बुडवला, हात धजला नाही. देणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं: नांदगाव. साहेब मानतात की यादी तोंडावर फेकतात, कोण जाणे.
हिला सांगितलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे यात आपणही आलो."
हे माझ्या ध्यानातच नव्हतं. फार बरं वाटलं. उत्तर यायला आठवडा तरी लागेल.