भाल्याची ओली वादी

चंद्राचा तिसरा दिवस
पोचलो राजाच्या गावी, गिबाला! द्रष्ट्यांची शाळा अर्ध्यावर सोडली म्हणून बाप तोंड पाहणार नाही. न पाहो. हेला इथे राजवाड्यात डफ वाजवते, आणि मी तिकडे डोंगरावर वंशावळ्या घोकत बसू? दोन वर्षांत वीणा तेवढी बरी आली.

भालाघरात काम मिळालं. म्हाताऱ्या अखबोरकाकांचे हात कापतात, त्यांना मदत. रोज सकाळी राजाच्या भाल्याला तेल लावायचं, पातं दांड्याला आवळणारी चामडी वादी बघायची. राजा जेवतानाही भाला सोडत नाही म्हणे. शिवाय भोजनशाळेच्या भिंतीतली भोकं चिखल-भुशाने लिंपायची. खुंट्या उपटल्यात का, विचारलं. काका म्हणाले, "भिंतीला विचार."
रोजनिशीला फुटक्या रांजणाच्या खापऱ्या घेतल्यात. शाई शाळेतलीच, ढापलेली.

नववा दिवस
हेला भेटली. म्हणाली, "शाळा सोडलीस? येडाच आहेस." आणि मान वळवून वीणेवाल्याकडे बघत राहिली.
हा वीणेवाला. राजाचं डोकं फिरलं की वाजवतो. लढाईत शत्रूला, पलिष्ट्यांनाही त्यानेच पळवलं, म्हणून गल्लीतल्या बायका राजाच्या आधी त्याचं नाव गातात. सगळ्यांत पुढे हेलाचा डफ.
राजा भिंतीला पाठ लावून त्याच्याकडे बघत होता. ती नजर मी ओळखली. माझीच होती.

चौदावा दिवस
आज भोकं कळली. सगळी वीणेवाल्याच्या चटईमागे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर.
वाजवता वाजवताच राजाने भाला फेकला. पातं डुगडुगलं, नेम वीतभर चुकला. वीणेवाल्याने भाला उपटून राजाच्या पायाशी ठेवला, आपलं काय चुकलं म्हणून क्षमा मागितली, आणि पुन्हा वाजवायला बसला! हेला रडत होती.
भोक लिंपताना काका कानाशी आले. "दोन वर्षं वादी न भिजवता बांधतोय, एक वेढा कमी, म्हणजे पातं ढिलं राहतं, नेम चुकतो. तूही तेवढंच कर, बाळा."

विसावा दिवस
हेलाने वीणेवाल्याला अंजिरांची ढेप दिली. स्वतः केलेली. मला कधी एक अंजीर नाही.
काका तापाने पडलेत. नवी वादी मी रात्रभर पाण्यात भिजवली, सगळे वेढे घातले, उन्हात ठेवली. सुकताना ती अशी आवळली की लाकूड करकरलं. राजाने भाला तोलला, माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "याच्या हातात गुण आहे."
मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

सव्विसावा दिवस
झोप नाही. पहाटे हेलाला सांगून टाकलं, वीणेवाल्याला पळव, भाल्याची वादी आता घट्ट आहे, नेम चुकणार नाही. तिने विचारलं, कोणी बांधली. मी हात पाठीमागे लपवले.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच.
वीणेवाला खिडकीतून गेला. सुटला.
वादी भिजवली तर ढिली होईल. पण राजा भाला खाली ठेवत नाही. तेलसुद्धा स्वतःच लावतो—

चंद्रदर्शन
सणाचं जेवण. ज्याची त्याची जागा ठरलेली. वीणेवाल्याची रिकामी. राजाने विचारलं, आता कोण वाजवणार.  मग हेला उठली.
"महाराज, भालाघरातल्या या नव्या पोराला वीणा येते."
शांतपणे म्हणाली. वाढप करताना बोलतात तसं.
वाजवलं. राजा नुसता बघत होता. जेवण झाल्यावर म्हणाला, उद्याही ये.

सणाचा दुसरा दिवस
तीच चटई. मागे माझाच लेप. दोन सुरांतच राजा म्हणाला, पुरे, नुसता बस. बसलोय. मांडीआड खापरीवर लिहितोय. बोटांना काहीतरी हवं—
काका दारात. तापातून उठून आलेत. हातात पाण्याचा तांब्या— राजाने त्यांना हाताने थांबवलं—
हेला डफ घेऊन समोर. माझ्याकडेच बघतेय. कुणाकडेच नाही, माझ्याकडे. हेच तर हवं होतं मला—
वादी सुकून आवळलेली आहे. वेढे पुरे आहेत. मी मोजून घातले—
राजा भाला तोलत उभा राहिला. हेला, इकडे नको बघूस, तिकडे