पंपघराची पूर्वेकडची भिंत

९ एप्रिल, सोमवार. नांदेड

सकाळी भावाच्या घरी पोचले. दादा (आम्ही वडिलांना दादाच म्हणतो) खाटेवर, पंख्याखाली. बघून हसले. विचारलं, "किती दिस?" म्हटलं, ऑफिसचा दौरा आहे, दोन-तीन आठवडे. वहिनीला आनंद झाला की धास्ती, कळलं नाही.

फाइल पिशवीतून काढली नाही. पाठच आहे. डिसेंबरात समुद्राकाठच्या आमच्या अणुवीज प्रकल्पावरून निनावी अर्ज आला. दोन पानं, हातानं लिहिलेली. पंपघराच्या पूर्वेकडच्या भिंतीचं काँक्रीट ओतताना काम मध्येच चार तास थांबलं, भिंत आत पोकळ राहिली, वरून गिलावा मारून झाकली. रजिस्टरात मात्र 'सलग काम'. अणुभट्टी तापली तर तिला थंड पाणी पुरवायचं ते याच पंपांनी.

मी गुणवत्ता तपासणीत. तक्रार आली की साइटचा अभिप्राय मागवायचा, असा नियम. मागवला. सोबत मूळ अर्जाची झेरॉक्स जोडली. टाइप करून पाठवायला दहा मिनिटं लागली असती. दहा मिनिटं! साइटवर अक्षर ओळखलं. आठ दिवसांत फोरमन सलीम यांचा गेटपास रद्द. मग अभिप्राय आला: 'सदर इसमाने कामावरून कमी केल्याच्या रागातून अर्ज केला आहे.' आधी अर्ज, मग काढलं. पण तारखा वाचतो कोण.

आता म्हणे निनावी अर्जावर भिंतीला भोक पाडून आतलं काँक्रीट तपासता येत नाही. तक्रारदाराची सही हवी. ती आणायला मला पाठवलंय. मलाच.

१० एप्रिल, मंगळवार. निलंगा

एसटीत पाच तास. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावता येईना.

आधी फोन केला होता, सलीमभाई दारातच उभे. पन्नाशीचे, बारीक, हाताची बोटं सिमेंटनं खाल्लेली. "या म्याडम, घर सापडलं की." भाभींनी चहा केला. मी इकडचीच, आमचं गाव इथून दोन कोसांवर होतं, असं सांगितल्यावर म्याडमची ताई झाले.

सगळं सांगितलं त्यांनी. मशीन बंद पडलं, आधीचं काँक्रीट आवळत आलं तसंच त्यावर नवं ओतलं. फळ्या काढल्या तर आत खडी उघडी. "हात मनगटापर्यंत आत गेला, ताई. खोटं न्हाई सांगायलो. साहेब म्हणले, लिंपून टाक. लिंपलं मीच."

जबाबाचा कागद पुढे ठेवला. बघत बसले. मग म्हणाले, ठेकेदाराचा माणूस येऊन गेलाय. अर्ज माझा नाही असं लिहून द्या, लगेच कामावर या. पोरगी नाझिया लातूरला क्लासला आहे, पुढच्या महिन्यात डॉक्टरकीची परीक्षा. "तिला ठावं न्हाई काही. सुट्टीवर आलोय म्हणून सांगितलंय." सही नाही. नाहीही म्हणाले नाहीत.

झेरॉक्सचं बोलले नाही. दोनदा तोंडाशी आलं. निघताना भाभींनी कैरीच्या तक्कूची बरणी दिली, लातूरला पोरीला द्या म्हणून. मी घेतली. लाज वाटायला हवी होती, तेव्हा वाटली नाही. बसमध्ये वाटली.

११ एप्रिल, बुधवार. लातूर

क्लासेसची गल्ली. दोन्ही बाजूंनी पोरांचे फोटो, खाली मार्क, दशांशासकट. पाठीला दप्तरं लावून पोरं-पोरी या दारातून त्या दारात. कुणी हसत नाही.

नाझियाचं होस्टेल चार मजली. खालचे दोन मजले जुने, वरचे दोन नंतर चढवलेले, खांब तेच. मी जिना चढताना खांब मोजले. ही नजर आता मरेपर्यंत जायची नाही. भूकंप बघितलेल्या गावात माणसं इतक्या लवकर वर वर बांधायला लागतात. मीही इथेच खोली घेऊन बारावी केली, बोलू कशाला.

पोरगी वाळलीय. बरणी उघडून तिथेच बोट चाटलं. "तुम्ही अब्बूंच्या ऑफिसातल्या? अब्बूंना एवढी मोठी सुट्टी पहिल्यांदाच मिळाली." मग अभिमानानं: "अब्बू म्हणतात, आम्ही बांधलेल्या भिंतीतून आवाजसुद्धा जात न्हाई."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. परतीच्या गाडीत रडू आलं, शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

१३ एप्रिल, शुक्रवार. नांदेड

दादांनी आपणहून विचारलं, "कशापायी हिंडायलीस उन्हाची?" सोप्यात सांगितलं. भिंत वरून चांगली, आत पोकळ.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. मग बोलायला लागले. इतकं सलग ते आई गेल्यावरही बोलले नव्हते.

गावातली निम्मी घरं दादांनी बांधली. दगडाच्या भिंतीला दोन तोंडं, आतलं आणि बाहेरचं, मध्ये चिखल-कपच्यांची भर. दोन्ही तोंडांना धरून ठेवायला मध्येमध्ये लांब दगड आरपार घालायचा. हे मला इंजिनिअरिंगला शिकवलं, दादांना त्यांच्या बापानं. "लोकांच्या घराला घातले मी आरपार दगड. जिथं जमलं तिथं घातले. आपल्या घराला न्हाई घातले. लोकांची कामं खोळंबली होती. म्हटलं आपलंच हाय, दिवाळीनंतर उकलून बांधू."

दिवाळीच्या आधी भूकंप झाला. मी मामाकडे होते शाळेला. धाकटा भाऊ बाळू सहा वर्षांचा, त्या भिंतीकडेला झोपलेला.

"तुझ्या आईला सांगितलं न्हाई. ती गेली तवाबी न्हाई."

मला आधी राग आला. खरंच आला, लिहून ठेवते. पंचवीस वर्षं ऐकत आलो की धरणीनं नेला. मग त्यांचे हात बघितले, चादरीवर चाचपडत होते. धरले. वहिनी डाळ उतरवायला उठली ती बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिली.

त्यानंतर त्यांनी थापी हातात घेतली नाही, ते का, हे आत्ता कळलं. आम्ही समजायचो, कंबर गेली.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. रस्ते निळे, सगळं बंद, मिरवणुकीच्या आवाजानं भांडी थरथरतात. दादा खाटेवर उठून बसून ऐकत होते. त्यांना काल हलकं झालं असावं. मला नाही.

सलीमभाईंना सांगायचंच. सांगितलं तर सही मिळणार नाही, हे उघड आहे. आणि न सांगता घेतली तर ती सही कसली, फसवणूकच.

१६ एप्रिल, सोमवार. निलंगा

सांगितलं. चहाच्या आधीच सांगितलं, नाहीतर पुन्हा चहा प्यायले असते आणि निघाले असते. अर्जाची झेरॉक्स मी जोडली. तुमचा पास माझ्यामुळे गेला.

सलीमभाई म्हणाले, "ठावं हाय, ताई."

कसं?

"तो कागद त्यांनी माझ्याच तोंडापुढं धरला होता. वर तुमचं पत्र होतं. खाली तुमची सही, नाव. तुम्ही फोनवर नाव सांगितलं तवाच कळलं."

मग त्या दिवशी बोलला का नाहीत?

"घरी आलेल्या माणसाला काय बोलावं?" मग, "अन् तुमच्याशिवाय आलंय तरी कोण?"

इतकी शरम मला आयुष्यात वाटली नाही. भाभी पाणी घेऊन आल्या, शेजारी बसल्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग दुसरं: शुक्रवारीच त्यांनी लिहून दिलंय. अर्ज माझा नाही, अक्षर माझं नाही. परवा कामावर जाणार. "पोरीची परीक्षा होऊ द्या. माझी सही नका मागू, ताई. सही न्हाई जमायची. जागा दाखवतो."

खडू घेऊन फरशीवर भिंत काढली. तिसऱ्या खांबापासून दीड हात उजवीकडे, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर. फोरमनचा हात, रेघ कुठे वाकडी नाही. मी वहीत उतरवून घेतलं. उठताना त्यांनी स्वतःच ओल्या फडक्यानं फरशी पुसली.

१८ एप्रिल, बुधवार. नांदेड

ऑफिसातून माझ्या साहेबांचा फोन. "तक्रारदारच नाही म्हणतो ना? मग दप्तरी दाखल करून टाका. सुटलात." मग: "ती झेरॉक्सची भानगडही आपोआप मिटली."

म्हणजे त्यांनाही माहीत आहे. मिटली. एक ओळ लिहायची, 'पुरावा उपलब्ध नाही', आणि जूनमध्ये माझं प्रमोशन. दिवसभर ती ओळ डोक्यात. दुपारी जेवण गेलं नाही, वहिनीला वाटलं भाजी बिघडली.

माझा मला भरवसा नाही, हे इथे लिहून ठेवते.

२० एप्रिल, शुक्रवार

लिहिलं. चौथ्या खेपेला जमलं. तक्रार माझी, नाव माझं, हुद्दा माझा. भिंतीच्या पाच जागा दिल्यात, त्यातली एक ती. नेमकी एकच दिली तर साइटवर पुन्हा कळेल, कुणी सांगितलं. एवढं तरी शिकले. झेरॉक्सचंही सगळं लिहिलं, चूक माझी म्हणून, वळसे न घेता.

दादांना वाचून दाखवलं. कान देऊन ऐकलं. म्हणाले, "लई लांबलंय." मग पहिलं पान पुन्हा वाचायला लावलं.

मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्ट. एक प्रत साहेबांना, एक त्यांच्या वरच्यांना. खिडकीतल्या माणसानं वजन केलं, शिक्का मारला. बाहेर येऊन पावती दोनदा वाचली.

२४ एप्रिल, मंगळवार

काही नाही. पोचल्याचं दिसतं, उत्तर नाही. साहेब फोन उचलत नाहीत. सहकाऱ्यानं उचलला, हवापाण्याचं बोलला, ठेवला.

नाझियाचा मेसेज आला, नंबर मीच दिला होता. अब्बू कामावर गेले, आता परीक्षेनंतरच भेटतील. तक्कू संपलं.

२६ एप्रिल, गुरुवार

दुपारी सलीमभाईंचा फोन, दुसऱ्याच कुणाच्या नंबरवरून. मागे यंत्रांचा आवाज, ते भरभर बोलत होते.

त्यांना त्याच भिंतीवर लावलंय. पंपाच्या पाइपांना आधार बसवायचे, तिथेच. लोखंडी पट्ट्या एकदा ठोकल्या, वर पाइप चढले, की मग त्या भिंतीला हात लावायला कुणी देणार नाही. मुद्दाम त्यांनाच दिलंय की योगायोग, त्यांनाही सांगता येईना.

"दोन जागी भोकं पाडली, ताई. तिसरी ती हाय. ड्रिल बिघडलंय म्हणून सांगायलो. शनिवारपर्यंत रेटतो. त्याच्या पुढं मला न्हाई जमणार."

मी म्हटलं, तुम्ही कशाला जोखीम घेता, पोरीचं बघा. तर म्हणाले, "पोरीचंच बघायलोय." आणि फोन बंद.

साहेबांना चार फोन, त्यांच्या वरच्यांच्या ऑफिसात दोन. 'पत्र विचाराधीन आहे.' शनिवारपर्यंत विचार व्हायचा नाही, हे मला माझ्याच ऑफिसबद्दल पक्कं ठाऊक आहे. तिथे मीच बसत होते.

वहिनीनं दशम्या बांधून दिल्या. दादांच्या पाया पडले. त्यांनी कुठे म्हणून विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय, उद्या दुपारपर्यंत साइटच्या गेटवर. तपासणीचा हुकूम नाही, सोबत कुणी नाही. पिशवीत एक हातोडी घेतलीय, ठोकून ऐकायला, आणि वही.

आत सोडतील की नाही, माहीत नाही. माझा साइटचा पास रद्द केल्याचं पत्र अजून तरी आलेलं नाही.